पायथॉनमध्ये मराठी मजकुराचा तुकडा कसा काढायचा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

आमच्या वाचनालयाची सभासद-कार्डं नव्याने छापायची होती. नावांची यादी एक्सेलमध्ये तयार होती, कार्डावर जागा बेताची होती. म्हणून मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक नावाची पहिली १५ अक्षरं घेतली आणि फाईल छापायला दिली. कार्डं वाटायच्या दिवशी एका आजींनी आपलं कार्ड डोळ्यांजवळ धरलं, दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "अगं, माझी वेलांटी कुठे गेली?" कार्डावर छापलं होतं 'सरस्वती कुलकर्ण'. (नाव बदललं आहे.)

बोटावर मोजून बघा: स, र, स्व, ती, कु, ल, क, र्णी. आठ अक्षरं. मर्यादा १५ ची, आणि तरीही नाव कापलं गेलं. हे का झालं ते समजायला मला बरेच दिवस लागले, कारण शिकवणाऱ्या बहुतेक लेखांत उदाहरणं इंग्रजी शब्दांची असतात आणि तिथे हा प्रश्न येतच नाही. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून हा लेख. पहिल्या पाच पायऱ्या कुठल्याही मजकुराला लागू आहेत. सहावीपासून खास मराठीचं काम सुरू होतं.

आधी हे जवळ ठेवा

- पायथॉन ३. पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतं. जुन्या मशीनवर पायथॉन २ असेल तर त्यावर हे करत बसू नका, मराठी मजकुरासाठी ते फार त्रास देतं.
- आयडल. पायथॉनसोबतच येणारी छोटी खिडकी. विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन दिसू शकतात, म्हणून सुरुवात आयडलमध्ये करा.
- युनिकोड मराठी टाइप करता येईल असा कीबोर्ड. इनस्क्रिप्ट असो की उच्चारानुसार चालणारा, दोन्ही चालतील.
- मूळ फाईलची एक प्रत. काम नेहमी प्रतीवर करा.
- तुमच्याच यादीतली दहा-बारा अवघड नावं, वेगळ्या कागदावर. जोडाक्षरं असलेली, अनुस्वार असलेली, लांबलचक. ही शेवटी लागतील.

तुमची फाईल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांचा तुकडा काढलात तर हाती काय येईल याचा नेम नाही.

लेख वाचण्याबद्दल एक सूचना, ती विसरू नका. पायथॉनच्या फंक्शनांची (म्हणजे तयार आज्ञांची) नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत: लेन, फाइंड, स्प्लिट, स्ट्रिप. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची. लेन म्हणजे एल, ई, एन. फाइंड म्हणजे एफ, आय, एन, डी. बाकी सगळं, म्हणजे व्हेरिएबलांची (मजकूर ज्या नावाखाली ठेवतो त्यांची) देवनागरी नावं, कंस आणि अवतरणं, जसंच्या तसं टाइप केलं तरी पायथॉन ३ ला चालतं.

१. मजकूर एका नावाखाली ठेवा

आयडल उघडा. तीन बाणांच्या पुढे टाइप करा:

```
>>> पिन = "411030"
>>> पिन
'411030'
```

'पिन' हे व्हेरिएबल आहे आणि ते मराठीत आहे. पायथॉन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं तेव्हापासून अशी नावं चालतात. अवतरणांत बसलेला मजकूर म्हणजे स्ट्रिंग.

इथेच तीन ठिकाणी माणसं अडकतात.

पहिलं, अवतरणं. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून कोड चिकटवला तर कधी कधी सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणं येतात आणि पायथॉन सिंटॅक्स एरर देतं. ती खोडून हाताने टाइप करा.

दुसरं, अवतरणंच नसणं. `पिन = 411030` असं लिहिलं तर ती संख्या झाली, मजकूर उरला नाही. संख्येचा तुकडा काढता येत नाही. टाइप एरर आला आणि त्यात 'सबस्क्रिप्टेबल नाही' अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर हेच झालंय असं समजा.

तिसरं, आकडे. कोडमधले आकडे 0 ते 9 असेच हवेत. चौकटी कंसात मराठी ३ लिहिला तर पायथॉन थांबतं. अवतरणांच्या आत मात्र "४११०३०" बिनधास्त लिहा. गंमत म्हणजे इंट हे फंक्शन "४११" चं 411 बरोबर करून देतं. पण "४११" आणि "411" या दोन स्ट्रिंग पायथॉनच्या लेखी वेगळ्या आहेत. यादीत काही पिन मराठी आकड्यांत आणि काही इंग्रजी आकड्यांत असतील, तर तुलना करण्याआधी सगळे एकसारखे करून घ्या.

२. खण मोजायला शिका

जुन्या वाड्यातली खोली दोन खणी, तीन खणी अशी सांगतात. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. सहा खण असतील तर खांब सात. पायथॉनमधलं मोजमाप नेमकं असंच आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम झालं.

```
| 4 | 1 | 1 | 0 | 3 | 0 |
0   1   2   3   4   5   6
```

आकडे खांबांचे आहेत. पहिल्या खांबाचा नंबर शून्य. तुकडा काढताना तुम्ही सांगता, 'या खांबापासून त्या खांबापर्यंत':

```
>>> पिन[0:3]
'411'
>>> पिन[3:6]
'030'
```

बहुतेक पुस्तकं सांगतात, 'सुरुवातीचा आकडा धरायचा, शेवटचा सोडायचा.' नियम खरा आहे, पण नुसता पाठ केला तर दर वेळी एकाने चुकायला होतं. खांब डोळ्यासमोर आणा, काही पाठ करावं लागत नाही. तुकड्याची लांबी म्हणजे दोन खांबांची वजाबाकी: 3 वजा 0, तीन. आणि एक तुकडा जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मध्ये काही सांडत नाही की दोनदा येत नाही. एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये शून्यापासून मोजण्याची बाजू मांडताना हेच मुद्दे दिले होते.

एकच खण हवा असेल तर एकच आकडा द्या. `पिन[0]` म्हणजे शून्य नंबरच्या खांबापुढचा खण, '4'.

एक्सेलमध्ये मिड वापरायची सवय असेल तर सांभाळा. तिथे मोजणी १ पासून आहे, आणि शेवटचा आकडा 'कुठपर्यंत' सांगत नाही, 'किती' ते सांगतो.

३. तुकड्याचे प्रकार हाताखालून घाला

पिन कोडच घेऊ, कारण तो तुकड्यांनीच बनला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा विभाग सांगतो. ४ मध्ये महाराष्ट्र आणि गोवा येतात. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात: ४०० मुंबई, ४११ पुणे, ४४० नागपूर, ४०३ गोवा. शेवटचे तीन टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचे.

```
>>> पिन[:3]
'411'
>>> पिन[3:]
'030'
>>> पिन[-3:]
'030'
>>> पिन[:-3]
'411'
```

सुरुवात लिहिली नाही तर अगदी पहिल्या खांबापासून, शेवट लिहिला नाही तर अगदी शेवटपर्यंत. वजा आकडा म्हणजे मागून मोजलेला खांब. पत्त्याच्या शेवटी पिन असेल तर `पत्ता[-6:]` एवढं पुरतं, पत्ता कितीही लांब असू दे.

हे करताना येणारे तीन धोके:

- मर्यादेबाहेरचा तुकडा मागितला तर पायथॉन तक्रार करत नाही. `पिन[0:50]` सगळा पिन देतं आणि `पिन[10:12]` रिकामी स्ट्रिंग देतं. पण `पिन[10]` असा एकच खण मागितला की इंडेक्स एरर येतो. रिकामा तुकडा गुपचूप पुढे जातो, म्हणून तो जास्त घातक.
- तुकडा काढल्याने मूळ स्ट्रिंग बदलत नाही. `पिन[:3]` लिहून पुढे गेलात तर पिन होता तसाच राहतो. तुकडा हवा असेल तर त्याला नाव द्या: `जिल्हा = पिन[:3]`.
- शेवटी एखादी मोकळी जागा असेल तर `[-6:]` मध्ये ती जागाही मोजली जाते आणि '11030 ' हाती येतं. फाईलमधून ओळी वाचता तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्हही असतं. म्हणून आधी `पत्ता = पत्ता.स्ट्रिप()`, मग तुकडा. हा क्रम कधी मोडू नका.

४. जागा ठरलेली नसेल तर खूण धरा

'15-08-1972' ही तारीख असेल तर `तारीख[6:]` ने वर्ष मिळतं. पण कुणी '5-8-1972' असं लिहिलं असेल तर त्याच `[6:]` ने '72' मिळेल. माणसांनी हाताने भरलेल्या यादीत जागा मोजून तुकडा काढू नका. खूण शोधा. इथे खूण आहे आडवी रेघ:

```
>>> तारीख.स्प्लिट("-")
['5', '8', '1972']
>>> तारीख.स्प्लिट("-")[2]
'1972'
```

खुणेची जागा हवी असेल तर फाइंड. मला पत्त्यातला स्वल्पविरामाआधीचा भाग हवा होता:

```
>>> पत्ता = "सदाशिव पेठ, पुणे 411030"
>>> पत्ता[:पत्ता.फाइंड(",")]
'सदाशिव पेठ'
```

दिसायला छान. आता हेच ज्या ओळीत स्वल्पविराम नाही तिथे चालवा. समजा नुसतं 'नाशिक' लिहिलंय. खूण सापडली नाही की फाइंड वजा एक देतं. वजा एक म्हणजे पायथॉनच्या भाषेत 'मागून पहिला खांब', म्हणजे तुम्ही नकळत `[:-1]` लिहिलं. उत्तर येतं 'नाशि'. एरर नाही, इशारा नाही, गावाचं शेवटचं अक्षर तेवढं गेलं. शेकडो ओळींत हे नजरेला पडत नाही. त्यामुळे फाइंडचं उत्तर वजा एक आहे का हे आधी तपासा, किंवा माझ्यासारखं पार्टिशन वापरा. `पत्ता.पार्टिशन(",")` तीन भाग देतं: खुणेआधीचं, खूण, खुणेनंतरचं. खूण नसेल तर सगळा मजकूर पहिल्या भागात येतो आणि बाकीचे दोन रिकामे राहतात. काही हरवत नाही.

५. नावातले शब्द वेगळे करा

```
>>> नाव = "बाळ गंगाधर टिळक"
>>> भाग = नाव.स्प्लिट()
>>> भाग
['बाळ', 'गंगाधर', 'टिळक']
>>> भाग[-1]
'टिळक'
```

स्प्लिटच्या कंसात काही लिहू नका. कंसात मोकळी जागा लिहिली आणि दोन शब्दांमध्ये चुकून दोन जागा पडल्या असतील, तर यादीत रिकामे भाग येतात.

आडनाव शेवटी असेल हे गृहीत धरण्याआधी यादी डोळ्यांनी वाचा. शाळेच्या आणि सरकारी कागदांवर आडनाव पहिलं लिहायची पद्धत आहे. काहींनी वडिलांचं नाव लिहिलेलं नसतं, काहींनी पुढे 'श्री.' किंवा 'सौ.' लिहिलेलं असतं. प्रत्येक नावात तीनच भाग आहेत का हे `लेन(भाग)` ने बघा आणि ज्यात नाहीत ती नावं बाजूला काढून हाताने सोडवा.

६. मराठीचं 'अक्षर' आणि यंत्राचं 'अक्षर' यांतला फरक समजून घ्या

आता मूळ दुखण्याकडे. नावाची आद्याक्षरं हवी आहेत:

```
>>> भाग[0][0]
'ब'
>>> भाग[1][0]
'ग'
```

ब. ग. टिळक? आपण लिहितो बा. गं. टिळक. तसंच धोंडो केशव कर्वे यांचं ध. क. होतं, जे आपण धों. के. लिहितो. इंग्रजी आद्याक्षराला मात्रा नसते, मराठीला असते, आणि ती टाकली तर नाव ओळखू येत नाही.

कारण असं. संगणकात मराठी युनिकोडने साठवलं जातं आणि युनिकोडमध्ये 'बा' हे एक चिन्ह नाही. 'ब' वेगळं, काना वेगळा. पायथॉन खण मोजतं ते या चिन्हांचे. जोडाक्षरात तर हलन्तही एक पूर्ण खण घेतो. 'महाराष्ट्र' उकलून बघा:

```
| म | ह | ा | र | ा | ष | ् | ट | ् | र |
0   1   2   3   4   5   6   7   8   9   10
```

आपण चार अक्षरं म्हणतो: म, हा, रा, ष्ट्र. लेन म्हणतं दहा. आता तुकडे काढा:

```
>>> राज्य = "महाराष्ट्र"
>>> राज्य[:3]
'महा'
>>> राज्य[3:]
'राष्ट्र'
>>> राज्य[:2]
'मह'
>>> राज्य[:6]
'महाराष'
>>> राज्य[:7]
'महाराष्'
```

`[:3]` वर नशिबाने नीट तुटलं, कारण तिसरा खांब दोन अक्षरांच्या मध्ये आहे. `[:2]` वर काना गेला, `[:6]` वर जोडाक्षर फुटलं. `[4:]` करून बघितलंत तर तुकडा काना घेऊनच सुरू होतो आणि पडद्यावर त्याच्या मागे ठिपक्यांचं वर्तुळ दिसू शकतं. ते वर्तुळ म्हणजे 'या मात्रेला बसायला अक्षर नाही' अशी फॉन्टची तक्रार. छापलेल्या कागदावर ते दिसलं तर कुठेतरी चुकीच्या खांबावर कापलंय हे नक्की.

सरस्वती आजींचं नाव आता मोजा. सरस्वतीची सात चिन्हं, एक मोकळी जागा, कुलकर्णीची आठ. सोळा. मी पंधरावर कापलं. सोळावं चिन्ह होतं शेवटची वेलांटी.

हा हिशेब दुसरीकडेही उपयोगी पडतो. मराठी एसएमएसची मर्यादा ७० आहे, ती याच चिन्हांची. आठ अक्षरांचं नाव त्यातल्या सोळा जागा खातं. आणि डेटाबेसमधली मर्यादा बाइटमध्ये असेल तर आणखी कठीण, कारण यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड चिन्हं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'महाराष्ट्र' ३० बाइटचं होतं. दहा बाइटवर कापलं तर 'महा' आणि वर एक अर्धवट बाइट उरतो, तो वाचता येत नाही. बाइटवर कधीही कापू नका.

७. चिन्हं जोडून अक्षरं तयार करा, मग तुकडा काढा

उपाय सरळ आहे: चिन्हांच्या स्ट्रिंगवरून आधी अक्षरांची यादी बनवायची आणि खण त्या यादीचे मोजायचे. मी वापरते ते नियम असे. नावातलं एकेक चिन्ह डावीकडून उचला आणि विचारा:

अ) हे चिन्ह मात्रा, अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू, नुक्ता किंवा हलन्त आहे का? असेल तर यादीतल्या शेवटच्या अक्षराला चिकटवा. ओळखायचं कसं? पायथॉनसोबत येणारं युनिकोडडेटा हे मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) घ्या, त्यातलं कॅटेगरी हे फंक्शन प्रत्येक चिन्हाचा प्रवर्ग सांगतं. मात्रा आणि त्यांच्या भावंडांचा प्रवर्ग मोठ्या एम अक्षराने सुरू होतो. यादी हाताने बनवायची गरज नाही.

आ) यादीतलं शेवटचं अक्षर हलन्तावर संपतंय आणि हातातलं चिन्ह व्यंजन आहे का? असेल तर तेही चिकटवा. व्यंजन ओळखायला `"क" <= चिन्ह <= "ह"` एवढी तुलना पुरते. ळ आणि ऱ दोन्ही याच पट्ट्यात बसतात.

इ) न दिसणारं जोडक चिन्ह आहे का? तेही मागच्याला चिकटवा, आणि हलन्तानंतर ते आलं असेल तर पुढचं व्यंजनसुद्धा. याबद्दल आठव्या पायरीत बोलू.

ई) यातलं काहीच नसेल तर नवीन अक्षर सुरू करा.

'धोंडो'वर हाताने चालवून बघा. ध, नवीन. ओकार, चिकटवा. अनुस्वार, चिकटवा. ड, नवीन. ओकार, चिकटवा. यादी झाली ['धों', 'डो'] आणि पहिला खण 'धों'. 'ज्ञानेश्वर'चे ज्ञा, ने, श्व, र असे चार होतात. 'पहिली दोन चिन्हं घेऊ' असा जुगाड मीही आधी केला होता, पण 'धों'मध्ये तीन चिन्हं आहेत आणि 'ज्ञा'मध्ये चार. ठरावीक संख्या कुठलीच चालत नाही.

स्वतः लिहायचं नसेल तर रेजेक्स नावाचं बाहेरचं मॉड्यूल आहे (स्पेलिंग आर, ई, जी, ई, एक्स, पायथॉनसोबत येतं ते आर, ई एवढंच असलेलं मॉड्यूल हे नव्हे). त्यात उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स ही खूण 'दिसायला एक असलेलं अक्षर' शोधते. मात्र जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांनी चालणारं मॉड्यूल हलन्तावर तोडतं. तुमच्याकडचं कुठलं आहे हे कळायला 'महाराष्ट्र' द्या. चार तुकडे आले तर काम झालं. म, हा, रा, ष्, ट्, र असे सहा आले तर ते जुन्या नियमाचं आहे, वरचे चार नियम लिहून घ्या.

८. न दिसणाऱ्या चिन्हांची साफसफाई जपून करा

कधी कधी डोळ्यांना दोन नावं सारखी दिसतात, पण लेन वेगवेगळी येते. अशा वेळी आयडलमध्ये व्हेरिएबलचं नुसतं नाव टाइप करून एंटर दाबा, प्रिंट वापरू नका. आत अदृश्य चिन्ह असेल तर पायथॉन ते उघड करून दाखवतं: उलटी तिरकी रेघ, यू, आणि पुढे चार अंक-अक्षरं.

तिथे 'एफईएफएफ' दिसलं आणि तेही फक्त फाईलच्या सुरुवातीला, तर ती एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही जतन करताना घातलेली खूण आहे. तिच्यामुळे पहिल्या ओळीचे सगळे खण एकाने सरकतात आणि बाकीची यादी बरोबर येते, म्हणून कारण लवकर सापडत नाही. फाईल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-8-सिग' असं द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत), खूण आपोआप गळते.

'200डी' दिसलं तर ते जोडक आहे, आणि ते सरसकट पुसून टाकू नका. आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, आचार्यास म्हणजे गुरूला. हा फरक करणारा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मग जोडक. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरातून जोडक पुसलात तर आचाऱ्याचा आचार्य होतो, दऱ्यांचा दर्या होतो. मी आधी अशा जागी ऱ घालून घेते, मगच उरलेली जोडकं पुसते.

'ॲ'ची तऱ्हाही निराळी. 'ॲप' कुणी एकसंध ॲ ने लिहितं, कुणी अ आणि चंद्र असं दोन चिन्हांनी, कुणी मध्ये जोडक घालून. युनिकोडचं नॉर्मलाइज ही तिन्ही रूपं एक करत नाही. रिप्लेस वापरून स्वतःच एक करा, नाहीतर 'ॲड.' लावलेली वकिलांची नावं शोधताना अर्धी सापडतील.

९. छापण्याआधी

अक्षरं नीट मोजली तरी कार्डावर किती मावेल हे त्यातून कळत नाही. 'ष्ट्र' आणि 'र' दोन्ही एकेकच अक्षर, पण रुंदी सारखी नाही. म्हणून यादीतलं सगळ्यांत लांब नाव घेऊन एक कार्ड छापून बघा. आम्ही शेवटी माणसाचं नाव कापायचंच नाही असं ठरवलं: लांब नावं दोन ओळींत घेतली, आणि तरीही मावलं नाही तर पहिल्या नावाचं आद्याक्षर आणि आडनाव पूर्ण. आजींचं नवीन कार्ड मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी वेलांटीवरून बोट फिरवलं आणि कार्ड पिशवीत ठेवलं.

सुरुवातीला कागदावर काढून ठेवलेली अवघड नावं आता चालवा. त्यांच्या जोडीला हे शब्द घ्या, शेजारी किती अक्षरं यायला हवीत ते दिलं आहे:

- महाराष्ट्र: ४
- सरस्वती: ४
- धोंडो: २
- ज्ञानेश्वर: ४
- दुःख: २
- आचाऱ्यास: ४, ऱ ने लिहिलेलं आणि जोडकाने लिहिलेलं, दोन्ही वेगवेगळे तपासा
- ॲप: २, तिन्ही पद्धतींनी लिहून

एकही आकडा चुकला तर फाईल छापायला देऊ नका. सातव्या पायरीतला कुठला नियम सुटला ते त्या शब्दावरूनच कळेल: 'दुःख' चुकला तर विसर्ग, 'ज्ञानेश्वर' चुकला तर हलन्तानंतरचं व्यंजन, 'आचाऱ्यास' जोडकासह चुकला तर तिसरा नियम.